छत्तीस हजार नोंदी आणि प्रयोग मात्र एक: ग्राफिक्स कार्डाच्या दोन वॉटर ब्लॉकची तुलना



आज विषय थोडा मिस्त्रीकामाचा आहे. हातात स्क्रू ड्रायव्हर, टेबलावर उघडं ग्राफिक्स कार्ड आणि शेजारी पाण्याची बाटली. पण शेवटपर्यंत वाचा, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना जे शिकायला मला तिसरं वर्ष उजाडलं, ते मी याच टेबलावर शिकले.

तर झालं असं. आमच्या लॅबमध्ये आरटीएक्स ३०९० ची चार कार्डं आहेत. उपग्रहचित्रांवर न्यूरल नेटवर्क शिकवायचं काम त्यांच्यावर रात्रंदिवस चालतं. पुण्यात एप्रिल सुरू झाला की खोलीतला एसी धापा टाकायला लागतो आणि कार्डं स्वतःच वेग कमी करतात. जो जॉब थंडीत तीन दिवसांत संपायचा, तो चौथ्या दिवशीही चालूच. पेपरची तारीख डोक्यावर. मॅडम म्हणाल्या, "वॉटर कूलिंग करून बघा. प्रोजेक्टच्या पैशातून चार ब्लॉक घेता येतील, पण आधी कुठला घ्यायचा ते मोजून सांगा."

आमच्याकडे दोन ब्लॉक होते. एक नवा, नमुना म्हणून मागवलेला; त्याला 'अ' म्हणू. दुसरा एका सिनियरने जाताना ठेवलेला जुना, तो 'ब'. अ मी बसवला, ब आमच्या ज्युनिअरने. मी मोजलं, आलेख काढला आणि ग्रुप मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, "अ हा ब पेक्षा आठ अंशांनी थंड आहे." वर एक वाक्य जोडलं, जे आज आठवलं की लाज वाटते: "आणि ब नीट बसवलेलाही नसणार." ज्युनिअर समोरच बसला होता.

तो आलेख चूक होता. कसा, ते कळायला आधी ब्लॉक काम कसं करतो ते बघू.

पाणीच का?

एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला लागते जेमतेम १.२ ज्यूल. म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या जवळजवळ ३,५०० पट उष्णता वाहून नेतं. पंखा कार्डाच्या अंगावर भरपूर हवा ढकलतो, तरी हवा भिकारीच.

आता हिशोब करू. ३०९० ची ठरवलेली कमाल शक्ती ३५० वॅट आहे, म्हणजे सेकंदाला ३५० ज्यूल. पाण्याचा प्रवाह मिनिटाला १ लिटर असेल, तर दर सेकंदाला सुमारे १६.७ ग्रॅम पाणी ब्लॉकमधून जातं. ते एक अंशाने तापायला सुमारे ७० ज्यूल लागतात. ३५० भागिले ७० म्हणजे ५. पाणी आत शिरतं त्यापेक्षा फक्त ५ अंश गरम होऊन बाहेर पडतं. प्रवाह दुप्पट केला तर अडीच अंश.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती चिपपासून उचलतं आणि रेडिएटरपर्यंत नेऊन हवेला देतं. ३५० वॅट शेवटी त्याच खोलीत येतात. त्यामुळे वॉटर कूलिंग केलं म्हणून एसीचं काम कमी होत नाही. आमच्या लॅबमधल्या काकांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि तो अगदी बरोबर होता.

ब्लॉकच्या पोटात काय असतं?

बाहेरून बघाल तर ब्लॉक म्हणजे तांब्याची जाड पट्टी, वर पारदर्शक झाकण आणि नळ्या जोडायला दोन-चार भोकं. खरी गंमत चिपच्या बरोबर वर आहे. तिथे तांब्यात अगदी बारीक, एकमेकांना समांतर खाचा कोरलेल्या असतात. बऱ्याच ब्लॉकमध्ये त्यांच्यावर फट असलेली एक पट्टी असते, तिला जेट प्लेट म्हणतात. पाणी फटीतून जोरात खाली येतं आणि खाचांतून दोन्ही बाजूंना पसरतं.

बारीक खाचांनी दोन फायदे होतात. तांबं आणि पाणी यांच्या स्पर्शाचं क्षेत्रफळ वाढतं, आणि उष्णतेला धातूपासून पाण्याच्या मध्यापर्यंत फार कमी अंतर जावं लागतं. पाण्याची उष्णतावाहकता अवघी ०.६ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तांब्याची सुमारे ४००. म्हणून पाण्याचा थर जितका पातळ तितकं बरं. ही कल्पना गेमिंगवाल्यांची नाही. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीझ यांनी सिलिकॉनमध्येच सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीच्या खाचा कोरून दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता काढून दाखवली होती. तुलनेसाठी बघा: ३०९० ची चिप ६२८ चौरस मिलिमीटरची आहे. सगळेच्या सगळे ३५० वॅट तिच्यातूनच येतात असं धरलं, तरी ते चौरस सेंटिमीटरला ५६ वॅट भरतात. म्हणजे खाचांमधलं पाणी ही या साखळीतली कमजोर कडी नव्हे.

मग कमजोर कडी कुठली? उष्णतेचा रस्ता असा आहे: चिप, थर्मल पेस्ट, तांबं, पाणी, रेडिएटर, खोलीतली हवा. प्रत्येक टप्प्यावर थोडा रोध. विजेच्या मंडलात रोध एकसर जोडले की त्यांची बेरीज होते, तसंच इथेही. याला औष्णिक रोध म्हणतात आणि तो अंश प्रति वॅट असा मोजतात.

पेस्टचा रोध काढून बघू. समजा पेस्टची वाहकता ५ आहे आणि थर ५० मायक्रोमीटरचा आहे, म्हणजे केसापेक्षाही पातळ. क्षेत्रफळ ६२८ चौरस मिलिमीटर. रोध येतो ०.०१६ अंश प्रति वॅट. चिपमधून २२० वॅट जात असतील (बाकीचे मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागांत खर्च होतात), तर एकट्या पेस्टवर साडेतीन अंश पडतात. थर १०० मायक्रोमीटर झाला तर सात अंश. म्हणजे स्क्रू थोडे कमी-जास्त आवळल्यामुळे साडेतीन अंशांचा फरक पडू शकतो, ब्लॉक तोच असताना. हा आकडा लक्षात ठेवा.

बसवायचं कसं?

पायऱ्या सांगते. घाई करायची नाही.

१. ब्लॉक तुमच्याच कार्डाचा आहे ना, ते बघा. नुसतं "३०९०" पुरत नाही. एकाच नावाची कार्डं वेगवेगळ्या सर्किट बोर्डवर बनतात, आणि फुल कव्हर ब्लॉक एका विशिष्ट बोर्डसाठीच कापलेला असतो. कार्ड उघडलं की वॉरंटीचं काय होतं, हेही आधीच वाचा. संस्थेचं कार्ड असेल तर लेखी परवानगी घ्या.

२. जुना कूलर काढण्याआधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे पेस्ट सैल होते. मग मशीन बंद, वायर काढलेली. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर आखून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. कूलर सरळ उपटू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. पंख्यांच्या वायरी आत जोडलेल्या असतात, त्या तुटायला वेळ लागत नाही.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आणि मेमरी स्वच्छ करा. जुन्या पॅडचा तेलकट थर राहू देऊ नका.

४. थर्मल पॅड लावा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पॅडची जाडी ब्लॉकच्या माहितीपत्रकात दिलेली असते, आणि वेगवेगळ्या जागी वेगळी असू शकते. पॅड जास्त जाड झाला तर ब्लॉक मेमरीवर टेकून राहतो आणि चिपवर नीट बसतच नाही. पातळ झाला तर मेमरी कोरडीच राहते. आणि हो, पॅडच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक काढा. हसू नका, आमच्याकडे एकदा राहिलेलं आहे.

५. पेस्ट. इथे चिप उघडीच असते, वर धातूचं टोपण नसतं. त्यामुळे कोपरे कोरडे राहिले तर ते थेट तापतात. सपाट पट्टीने संपूर्ण चिपवर पातळ थर पसरा.

६. स्क्रू आवळताना समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने जा, प्रत्येकाला पाव-पाव वळसा. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर पेस्ट एका कोपऱ्यात जाड राहते.

७. बऱ्याच ब्लॉकमध्ये पाणी कुठून आत जायचं ते ठरलेलं असतं. उलटं जोडलं तर जेट प्लेटचा उपयोग कमी होतो. खूण बघा.

८. धातू तपासा. ब्लॉक तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला असेल तर रेडिएटर ॲल्युमिनिअमचा नको. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनिअम आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनिअम गंजत जातं. पाणी डिस्टिल्ड घ्या, आणि शेवाळ व गंज रोखणारं द्रव्य घाला. "डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही, गळलं तरी चालेल" यावर विसंबू नका. मंडलात फिरून त्यात धातूचे आयन मिसळतात, आणि कार्डावरची धूळही असतेच.

९. गळती तपासा, आणि तीसुद्धा कार्डाला वीज न देता. वेगळ्या पॉवर सप्लायवर फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि काही तास थांबायचं. आम्ही रात्रभर चालवतो. अडकलेले बुडबुडे काढायला कॅबिनेट मधूनमधून वाकवावं लागतं.

आता तो आलेख

मी काय केलं होतं ते सांगते. दोन्ही वेळा तेच कार्ड, तोच पंप, तोच रेडिएटर. शक्तीची मर्यादा ३२० वॅटवर बांधलेली. अ ची चाचणी शनिवारी पहाटे ४ ते ९. मग ज्युनिअरने ब बसवला, त्याची चाचणी रविवारी दुपारी १२ ते ५. दर सेकंदाला एक नोंद. पाच तासांच्या अठरा हजार, दोन्ही मिळून छत्तीस हजार. अ ची सरासरी ४७ अंश, ब ची ५५. नोंदींमधला चढउतार अर्ध्या अंशाचा. प्रमाण त्रुटी काढली तर दशांशानंतर शून्यावर शून्य. मी लिहिलं: फरक ८.०० अधिक-उणे ०.०१. केवढी अचूकता! स्लाइड बघून मलाच बरं वाटलं होतं.

मॅडमनी दोनच प्रश्न विचारले.

पहिला: "पाण्याचं तापमान किती होतं?"

नोंद होती, पण मी ती आलेखात घेतलीच नव्हती. पहाटे खोली २५ अंश आणि पाणी ३४. दुपारी खोली ३० आणि पाणी ३९. म्हणजे आठपैकी पाच अंश सूर्याचे होते, ब्लॉकचे नव्हते. ब्लॉकचं काम चिपची उष्णता पाण्याला देणं. म्हणून त्याचा निकाल चिप आणि पाणी यांच्यातल्या फरकावर लावायचा. अ: ४७ वजा ३४, म्हणजे १३. ब: ५५ वजा ३९, म्हणजे १६. आठाचे झाले तीन.

दुसरा प्रश्न त्यांनी अगदी हळू आवाजात विचारला: "काढून परत बसवून बघितलंस का?"

नाही. एकदाही नाही.

आणि इथे माझा अख्खा डोलारा कोसळला. माझ्याकडे छत्तीस हजार नोंदी होत्या, पण अ एकदाच बसवलेला आणि ब एकदाच बसवलेला. त्या अठरा हजार नोंदी मला एकच गोष्ट अठरा हजार वेळा सांगत होत्या: *या विशिष्ट बसवणीत* तापमान किती. पेस्टचा थर प्रत्येक बसवणीला वेगळा येतो, आणि वर काढलेला साडेतीन अंशांचा आकडा आठवा. उरलेले तीन अंश ब्लॉकचे की पेस्टचे, हे सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

या चुकीला नाव आहे: स्यूडोरेप्लिकेशन, मराठीत आपण आभासी पुनरावृत्ती म्हणू. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या नावाने शोधनिबंध लिहिला. एका तळ्यातून शंभर बाटल्या पाणी भरलं म्हणजे शंभर तळी तपासली असं होत नाही. एका वर्गातली साठ मुलं मोजली म्हणजे साठ शाळा मोजल्या असं होत नाही. तुमचा विषय कुठलाही असो, हा खड्डा रस्त्यात आहेच. स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: *ज्या गोष्टीबद्दल मी दावा करतेय, ती गोष्ट मी किती वेळा नव्याने घडवली?*

पुन्हा, नीट

मीटिंगनंतर ज्युनिअरला म्हटलं, "चल, परत करू. पण या वेळी आधी लिहून काढू." आम्ही एका पानावर नियम लिहिले.

*काय मोजायचं:* चिप वजा पाणी. पाण्याचे दोन्ही सेन्सर आधी एकाच बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते बघायचं आणि फरक असेल तर लिहून ठेवायचा.

*कधी मोजायचं:* मंडल स्थिरावल्यावर. हाही हिशोबाने ठरतो. आमच्या मंडलात सुमारे एक लिटर पाणी आणि तांबं-पितळ धरून एक अंशाला साधारण ५,००० ज्यूल लागतात. रेडिएटर खोलीपेक्षा ९ अंश गरम असताना ३२० वॅट बाहेर टाकतो, म्हणजे अंशाला साधारण ३५ वॅट. ५,००० भागिले ३५ म्हणजे सुमारे १४० सेकंद. ही झाली कालस्थिरांक. पाच कालस्थिरांक झाले की बदल एक टक्क्याच्या आत येतो. म्हणजे सुमारे बारा मिनिटं. आम्ही अर्धा तास थांबायचं ठरवलं आणि पुढच्या अर्ध्या तासाची सरासरी. पाच तासांची गरजच नव्हती. वाचलेला वेळ पुन्हा बसवण्यात घालवला.

*किती वेळा:* प्रत्येक ब्लॉक चार वेळा. पहिली बसवणी धरून. दर वेळी पेस्ट पूर्ण पुसून नवी.

*कुठल्या क्रमाने:* आधी सगळे अ आणि मग सगळे ब असं नाही. अ-ब झालेच होते, पुढे ब-अ, अ-ब, ब-अ. कारण हात बसत जातो, पॅड दबत जातात. क्रम उलटसुलट केला की हा सरकता परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

*कोणी:* दोघांनी आळीपाळीने, दोन्ही ब्लॉक.

*प्रवाह:* ब च्या खाचा जास्त बारीक असल्याने त्यातून पाणी कमी जात होतं. मग तुलना सारख्या प्रवाहावर करायची की सारख्या पंपावर? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला ब्लॉकच्या रचनेबद्दल, दुसरा "माझ्या मशीनला काय बरं" याबद्दल. आम्हाला दुसरा हवा होता, म्हणून पंपाचा वेग कायम ठेवला आणि तसं स्पष्ट लिहिलं.

आठवडा गेला. चिप वजा पाणी, अंशांत:

अ: १३, १२, १५, १३. सरासरी १३.२५.
ब: १६, १३, १४, १३. सरासरी १४.

फरक ०.७५ अंश. एकाच ब्लॉकच्या चार बसवण्यांमध्ये मात्र तीन अंशांचा पसारा. या आठ आकड्यांवरून फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल काढला तर तो सुमारे उणे १.६ ते अधिक ३.१ येतो. शून्य त्याच्या अगदी पोटात आहे.

आणि अ चा तो १५ चा आकडा? ती बसवणी माझ्या हातची होती. ब्लॉक उचलला तर पेस्ट एका कोपऱ्यात जाड. ज्युनिअरच्या पहिल्या १६ वाल्या बसवणीतही तसंच निघालं होतं. तो म्हणाला, "ताई, मला स्क्रूचा क्रम कुणी सांगितलाच नव्हता." खरं होतं, सांगायचं काम माझंच होतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी पहिली स्लाइड तीच ठेवली: मागच्या वेळी मी काय म्हणाले आणि ते का चूक होतं.

"फरक नाही" म्हणायचं का?

नाही, आणि हे परीक्षेच्या तयारीतही उपयोगी पडेल. आमचा निष्कर्ष "दोन्ही ब्लॉक सारखे" असा नाही. निष्कर्ष असा की, फरक असलाच तर तो आमच्या हाताच्या फरकापेक्षा लहान आहे, आणि आठ बसवण्यांत तो दिसत नाही. एक अंशाचा फरक खात्रीने पकडायचा असेल तर किती बसवण्या लागतील? त्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे: १६ गुणिले विचरण, भागिले हव्या त्या फरकाचा वर्ग. आमचं विचरण सुमारे १.८. म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या साधारण २९ बसवण्या. एका अंशासाठी तेवढा जीव कोण काढणार? तेव्हा उलट बाजूने विचार करायचा: तेवढा फरक आपल्या कामाला महत्त्वाचा आहे का?

आणि तिथे शेवटची गोष्ट उघडी पडली. आमचं कार्ड मुळात वेग कमी का करत होतं? चिप तापून नाही, मेमरी तापून. ३०९० वर २४ जीबी मेमरीचे २४ तुकडे आहेत, बारा पुढे आणि बारा बोर्डच्या मागे. मागच्या बारांना वॉटर ब्लॉकचा स्पर्शच नसतो. ही मेमरी ११० अंशांच्या आसपास पोहोचली की कार्ड स्वतःला आवरतं. एनव्हिडिया-एसएमआय हे रोजचं साधन या गेमिंग कार्डांवर मेमरीचं तापमान दाखवत नाही, म्हणून आम्ही जे दिसतं ते मोजत बसलो. जे मोजायला हवं होतं ते दुसरंच होतं. वेगळं साधन वापरून बघितल्यावर कळलं की दोन्ही ब्लॉकसोबत मागची मेमरीच सगळ्यात गरम आहे. मागच्या पत्र्याखाली योग्य जाडीचे पॅड घातले, पत्र्यावर एक साधा पंखा रोखला, आणि कार्डाने वेग कमी करणं थांबवलं.

चार नवे ब्लॉक घेतले नाहीत. एकाच्या किमतीत चांगले पॅड, पेस्ट आणि एक फ्लो मीटर आला. बाकी पैसे प्रोजेक्टमध्येच राहिले.

तुमच्यासाठी

तुम्ही वॉटर ब्लॉक बसवाल की नाही, माहीत नाही. मोठ्या यंत्रणांमध्ये हे आता नेहमीचं झालंय. पुण्यातल्या आयसरमधला परम ब्रह्म महासंगणकही थेट चिपवर द्रव नेऊनच थंड ठेवतात. पण प्रयोग आखण्याआधी पुढचे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

माझी अडचण नेमकी कुठल्या राशीत आहे, आणि मी तीच मोजतेय का?

शून्य कुठे धरलंय? खोली, पाणी की आणखी काही?

माझी खरी पुनरावृत्ती कुठली, आणि ती किती वेळा झाली?

जो फरक मी शोधतेय तो माझ्या हाताच्या फरकापेक्षा मोठा आहे का?

आमच्या लॅबच्या कपाटाच्या दारावर आता स्क्रू आवळायच्या क्रमाचं चित्र चिकटवलंय. ज्युनिअरने काढलंय. खाली त्याने बारीक अक्षरात लिहिलंय: "प्लॅस्टिक दोन्ही बाजूंचं."